तिथे आपलं कोण आहे?



घरातली मुलगी नोकरीसाठी लांब निघाली की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तिथे आपलं कोण आहे?" पुण्याला निघाली तर मावशी असते, बंगलोरला निघाली तर कुणाच्या तरी दिराचं घर असतं, अमेरिकेला निघाली तर नवरा असतो. पण जिथे यातलं कुणीच नाही अशा गावी ती निघाली, की आपण सगळ्या जणी गप्प होतो, आणि मग हळूच म्हणतो, "नको गं, इथेच बघ काहीतरी."

या प्रश्नामागे काळजी असते, हे मला मान्य आहे. पण मला वाटतं, प्रश्न अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा हवा, "तिथे तू कुणाची होशील?" परक्या गावात आपलं माणूस आधीपासून असावं लागत नाही. ते तिथे राहून, काम करून, रोजचे नियम पाळून तयार होतं. शिकवायला गेलेल्या बाईचं तर होतंच होतं. आज हे लिहायला कारण आमच्याच घरात घडलं आहे, म्हणून आधी ते सांगते.

माझी पुतणी गणित शिकवते. वय 29. दोन वर्षांपूर्वी तिने इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा इथल्या एका शाळेत नोकरी धरली. आता तिचा करार संपतोय आणि शाळा आणखी दोन वर्षांसाठी विचारते आहे. तिला राहायचं आहे. माझ्या जाऊबाईंना ती परत यायला हवी आहे. जेठजींचा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो खोटा नाही. 2024 च्या जुलैत तिथल्या सरकारने चलनाचा दर बाजारावर सोडला. एका डॉलरला साधारण 57 बिर पडायचे, ते काही आठवड्यांत 100 च्या वर गेले. पगार बिरमध्ये. म्हणजे रुपयांत हिशोब केला तर हातात येणारी रक्कम जवळजवळ निम्मी झाली. मी कॉमर्सची, त्यामुळे हा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेठजी विचारतात, "मग तिथे राहून मिळतंय काय?"

त्या शहरात राहणं सोपंही नाही. नळाला रोज पाणी येत नाही. वीज जाते, कधी इंटरनेटही. देशाच्या काही भागांत अशांतता आहे, त्याच्या बातम्या जाऊबाई रात्री मोबाइलवर वाचतात आणि सकाळी मला सांगतात. रस्त्याने चालताना लहान पोरं "फरंज, फरंज" करत मागे येतात. फरंज म्हणजे परका. आपल्याकडच्या फिरंगी शब्दाचाच हा भाऊ. पहिले सहा महिने ती फोनवर फार कमी बोलायची. आता मात्र बोलते ते वर्गातल्या मुलांविषयीच.

तिची बाजू घेताना मला आपल्या नगरचीच एक गोष्ट आठवते. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जुनी गोष्ट सांगताना जिभेवर नगरच येतं.

सिंथिया फॅरार हे नाव तुमच्यापैकी काहींनी सावित्रीबाईंच्या चरित्रात वाचलं असेल. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावात 1795 साली जन्मलेली ही बाई 1827 साली अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला मुलींच्या शाळा चालवायला आली. वय 32, लग्न झालेलं नाही, सोबत कुणी नातलग नाही. त्या काळात बहुतेक मिशनरी बायका नवऱ्याबरोबर यायच्या. एकटी शिक्षिका म्हणून पाठवल्या गेलेल्या अगदी पहिल्या अमेरिकन बायकांपैकी ती एक. 1837 साली तब्येत फार ढासळली म्हणून ती मायदेशी परत गेली. तिथेच राहिली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण 1839 साली ती पुन्हा आली, आणि या खेपेला तिला नगरला पाठवण्यात आलं. 1862 साली तिचं निधन झालं ते इथेच. म्हणजे सुमारे 22 वर्षं ही बाई आपल्या गावात राहिली.

तेव्हाचं नगर डोळ्यांसमोर आणा. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर. मुंबईहून यायचं तर घाट चढून, मजल दरमजल करत. सुएझचा कालवा 1869 चा, म्हणजे तोही नंतरचा. घरी पाठवलेल्या पत्राचं उत्तर यायला कित्येक महिने लागत असणार. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय गत असते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात मुलीने अक्षर गिरवलं तर घरावर संकट येतं असं मानणारा तो काळ. "तिथे आपलं कोण आहे?" हा प्रश्न फॅरारबाईंना त्यांच्या आईने विचारला असता, तर खरं उत्तर "कुणी नाही" एवढंच होतं.

त्या आल्या होत्या धर्मप्रसारासाठी, हे झाकायचं कारण नाही. लोकांना त्यांची शंका येत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. आपल्या मुलीने अशा हेतूने कुठे जावं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या शाळांनी काय घडवलं ते बघा. जोतीराव फुले नगरला आले, त्यांनी इथल्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्यावरून पुण्यात तसं काही करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला फॅरारबाईंच्या संस्थेत, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. आज आपल्या मुली शिकतात, मी बी.कॉम. झाले, तुम्ही हे वाचता आहात, या सगळ्याचा एक धागा आपल्याच गावातल्या एका परक्या बाईच्या वर्गातून निघतो. शिकवत असताना यातलं पुढचं काही त्यांना दिसत नव्हतं. समोर बसलेल्या चार मुली तेवढ्या दिसत होत्या.

आता आपल्याकडेच वळून बघू या. आपण स्वतः कुठल्या? आपली बहुतेक घराणी चार-पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून आली. अजून घरात मारवाडी आणि दारात मराठी बोलतो. आपले पूर्वज लोटा आणि वही घेऊन आले असं आपण कौतुकाने सांगतो, पण गावाने त्यांना लगेच आपलं मानलं नव्हतं. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांतली कर्जखतं बाहेर काढून जाळली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आपल्या घरांत हा विषय निघत नाही, पण निघायला हवा. तेव्हा आपली दुकानं होती, घरं होती, भाऊबंदही होते. "आपलं कोण आहे" या प्रश्नाला भरपूर उत्तरं होती. तरीही आपण परकेच होतो, कारण गावाशी नातं घेण्याचं जास्त आणि देण्याचं कमी होतं.

मग हे गाव आपलं कधी झालं? आचार्य आनंदऋषीजींचं आयुष्य बघा. 1900 साली पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत जन्म, लहान वयात दीक्षा, देशभर पायी विहार, आणि 1992 साली नगरला देवलोकगमन. त्यांच्या नावाने नगरमध्ये जे हॉस्पिटल उभं आहे, तिथे डोळ्यांची तपासणी करायला खेड्यापाड्यांतून सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. दवाखाना, शाळा, दुष्काळातली गुरांची छावणी, पाण्याचा टँकर, अशा गोष्टींनी आपण इथले झालो. दुकानाची पाटी कितीही मोठी असली तरी तिने हे झालं नसतं.

म्हणून मला वाटतं की शिकवणाऱ्या बाईला परकं गाव इतरांपेक्षा लवकर आपलं म्हणतं. तिचं कामच देण्याचं. दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखायला वर्षं लागतात. मास्तरीणबाईला पंधरा दिवसांत पन्नास घरांतली मुलं ओळखतात. माझी पुतणी सांगते, आजारी पडून ती दोन दिवस शाळेत गेली नाही, तर वर्गातल्या एका मुलीची आई विचारपूस करायला घरी आली. भाषा धड कळत नव्हती, तरी तासभर बसून गेली. जाऊबाईंना मी विचारलं, "वहिनी, पुण्याच्या सोसायटीत ती आजारी असती, तर शेजारची आली असती का हो?" त्या काही बोलल्या नाहीत.

पण नुसत्या कामाने घर होत नाही. दिवसाला एक चौकट लागते, आणि आपल्याजवळ ती आहे. आपण स्थानकवासी. आपल्याला मंदिर शोधत फिरावं लागत नाही. आसन, मुहपत्ती आणि 48 मिनिटं असली की सामायिक कुठेही होतं. तिने तिथे पहिल्या दिवसापासून सकाळचं सामायिक सोडलेलं नाही. आणि गंमत ऐका. तिथले लोक घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो. शहर विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, त्यामुळे वर्षभर दिवस साधारण तेवढाच. लंडनच्या सुनांना उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत ऊन आणि हिवाळ्यात चारलाच अंधार, त्यामुळे नवकारसी आणि चौविहाराची ओढाताण होते. हिला तो त्रासच नाही. "काकी, इथलं घड्याळ आपल्या पच्चक्खाणासाठीच केलंय," म्हणते.

जेवणाचं म्हणाल तर सगळ्यांना वाटलं होतं, पोरगी उपाशी मरणार. पण तिथले पुष्कळ लोक जुन्या पंथाचे ख्रिस्ती. ते बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात. त्या दिवशी मांस, अंडी नाहीत आणि दूध, तूपही नाही. ईस्टरच्या आधी तर 55 दिवसांचा मोठा उपवास असतो. उपवासाचं जेवण द्या म्हटलं की हॉटेलात डाळी आणि भाज्या पुढे येतात. हरभऱ्याच्या पिठाचं शिरो नावाचं कालवण असतं, आपल्या पिठल्याचं चुलतभावंडंच. अर्थात कांदा-लसूण सगळ्यात असतो, आणि त्यांची ती इंजेरा नावाची मोठी भाकरी पीठ आंबवून करतात, म्हणून ही ती खात नाही. शिरो घरी बिनकांद्याचं करते आणि पोळीशी खाते. पण शाळेतल्या बायकांना "आज माझा उपवास" म्हटलं की त्या पुढे काही विचारत नाहीत. उपवास म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पर्युषणात तिने आयंबिल केलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला डबाही तिच्यासमोर उघडला नाही. एवढं तर कधीकधी आपल्या गावातल्या ऑफिसात होत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची आठवण येते. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. दुसऱ्या वर्षीपासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकू लागल्या आणि तिथेच संस्कृत शिकवूही लागल्या. सोबत लहानगी मनोरमा. कानाने ऐकू कमी येत होतं, म्हणून डॉक्टर व्हायचं स्वप्न सोडावं लागलं होतं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावरूनही वाद झाला, बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी धर्म बदलला, तो त्यांचा मार्ग, पण त्या शाकाहारी राहिल्या. जेवणाच्या टेबलावर त्यावरून कुरबुरी होत, तरी त्या हटल्या नाहीत. मला यातून एक गोष्ट दिसते. परक्या गावात रुळायचं म्हणजे सगळंच सोडून द्यायचं असं नाही. काय सोडायचं नाही हे ज्या बाईचं पक्कं असतं, ती बाकीच्या गोष्टींत मोकळी होते. रमाबाई तिथल्या बायकांच्या कामापासून पुष्कळ शिकल्या, पुढे अमेरिका पाहिली, आणि 1889 साली परत येऊन मुंबईत शारदासदन काढलं.

मोकळं होणं म्हणजे काय, तर उदाहरणार्थ तिथली भाषा. पुतणीची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे अम्हारिक शिकली नसती तरी चाललं असतं. पण तिने लिपी शिकायला घेतली आणि बघते तर काय, बाराखडीच! प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, स्वर लागला की अक्षराला पाय फुटतो नाहीतर हात. आपल्या क, का, कि, की सारखंच. महिन्याभरात बसच्या पाट्या वाचायला लागली. ज्या दिवशी तिने फळ्यावर मुलांची नावं त्यांच्या लिपीत लिहिली, त्या दिवसापासून वर्गात तिला कुणी फरंज म्हणत नाही. आपल्या सुनांना आपण काय सांगतो? आधी सासरची बोली उचल. तेच आहे हे.

खरं म्हणजे आपण बायकांनी "परकं गाव" म्हणून घाबरावं, हेच मला थोडं नवल वाटतं. आपल्यातली प्रत्येक जण वीस-बावीसाव्या वर्षी अनोळखी घरात गेली. मी स्वतः घोडनदीहून नगरला आले, तेव्हा इथे माझं कोण होतं? आणि आपल्या साध्वीजी तर बघा. चातुर्मासाचे चार महिने एका गावी, बाकीचे आठ महिने पायाखाली रस्ता. कुठेच घर नाही. तरी ज्या गावी येतात, तिथल्या मुलींना प्रतिक्रमण शिकवतात, बोर्डाच्या परीक्षेला बसवतात, आणि जाताना अख्खं गाव वेशीपर्यंत पोचवायला येतं. तेरापंथात आचार्य तुलसींनी 1980 साली समण श्रेणी सुरू केली, ती यासाठीच की जिथे पायी जाता येत नाही तिथेही शिकवणाऱ्या पोचाव्यात. समणीजींनी अमेरिकेत मायामीच्या विद्यापीठातही शिकवलं आहे. त्यांना वंदन करताना "तिथे तुमचं कोण आहे?" असं आपण विचारत नाही. घरच्या पोरीला मात्र विचारतो.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे, ती सांगते. जिवाला धोका असेल तर त्याच दिवशी परत यावं, त्यात कमीपणा नाही. शाळा पगार बुडवत असेल, पासपोर्ट अडकवून ठेवत असेल, राहायला सुरक्षित जागा देत नसेल, तर करार फाडून यावं. तब्येत ढासळली तरी यावं. फॅरारबाईही आल्याच होत्या ना माघारी, आणि बरं वाटल्यावर पुन्हा गेल्या. घरी येऊन विश्रांती घेणं म्हणजे हार नव्हे. आणि कुणाला दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तर तेही ठीक. मी म्हणते ते एवढंच की, परत बोलावण्याचं कारण आपल्या झोपेचं नसावं, तिच्या हिताचं असावं.

जेठजींच्या हिशोबाचं काय? मी त्यांना वहीच मांडून दाखवली. बचत निम्मी झाली, बरोबर. पण ती तिथे राहते-खाते बिरमध्ये, शाळेने घर दिलं आहे, कर्ज काही नाही. इथल्या खासगी शाळेत सुरुवातीला जे हातात पडतं, त्यापेक्षा आजही चार पैसे जास्तच उरतात. आणि दोन वर्षांत पन्नास-पन्नास मुलांचे वर्ग एकटीने सांभाळण्याची जी तयारी झाली, ती कुठल्या खात्यात लिहायची? ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता असते, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावं! जेठजींनी वही परत मागितली आहे. अजून काही बोललेले नाहीत.

जाऊबाईंना मी वेगळं सांगितलं, आणि तेच तुम्हा सगळ्यांना सांगते, कारण आपल्या मंडळातल्या चार-पाच जणींच्या मुली आज अशाच कुठे ना कुठे शिकवत आहेत. पोरीने फोनवर पाण्याची तक्रार केली की लगेच "ये परत" म्हणू नका. पुढच्या वेळी ती तक्रार सांगणारच नाही, आणि तेव्हा तुम्हाला खरंच काही कळणार नाही. आधी पूर्ण ऐकून घ्या. खाकऱ्याचे डबे जरूर पाठवा, पण तिथल्या बाजारात काय मिळतं हेही विचारा आणि त्याचं काय करता येईल ते सांगा. स्थळ आलं तर तिला सांगा, पण करार मोडायचं कारण म्हणून ते वापरू नका. ज्याला तिचं काम कळेल त्याला दोन वर्षं थांबणंही कळेल. आणि तिच्या वर्गातल्या मुलांची नावं विचारा. माझ्या पुतणीच्या वर्गातल्या सात-आठ जणांची नावं मला आता पाठ आहेत. कोण अपूर्णांकात चुकतं, तेही.

करारावर सही करायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. घरातला निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो तिचा तिने घ्यावा असं मी स्पष्ट म्हटलं आहे. पण जाऊबाईंनी काल मला विचारलं, "तिथे पावसाळा कधी असतो गं?" मी म्हटलं, "जून ते सप्टेंबर. आपल्या चातुर्मासाचाच." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पापड आत्ताच पाठवायला हवेत. नंतर वाळायचे नाहीत."

जय जिनेन्द्र.